'आउटकम मेजर'ला मराठीत काय म्हणावं?

स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. 'आउटकम मेजर'पाशी, म्हणजे त्या व्यक्तीचं कसं चाललंय हे ठरावीक प्रश्नांनी आणि गुणांनी मोजण्याच्या पद्धतीपाशी, अडले. 'परिणाम-मापक' चालेल का?

प्रतिसाद १
'परिणाम' नको. औषधाचा परिणाम, उन्हाचा परिणाम म्हटलं की कारण ठरूनच जातं. इथे तसं नसतं. सहा महिन्यांत गुण घसरले तर आजार पुढे सरकला असेल, सांभाळ उत्तमही असेल. 'निष्पत्ती' घ्या, शाळांतल्या 'अध्ययन निष्पत्ती'मुळे तो शब्द कानावरून गेलेला आहे.

प्रतिसाद २
'निष्पत्ती'ला माझंही मत. आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि निष्पत्ती अशा तीन अंगांनी तपासायची मांडणी केली, तिच्यात तो नेमका बसतो. आठवड्यात किती वेळा आंघोळ घातली ही प्रक्रिया. आजोबांना वेदना आहेत का, रात्री झोप लागते का, ही निष्पत्ती. केंद्रांच्या नोंदवह्यांत पहिलंच भरभरून सापडतं.

'मापक' मात्र बदला, त्याने उपकरण डोळ्यांपुढे येतं. 'मापनी' म्हणा. आणि कुठली मापनी, हे पत्रकात स्पष्ट लिहाच. 1975 ची एमएमएसई ही 30 गुणांची चाचणी तारीख, ठिकाण, शब्द आठवणं असलं तपासते. निष्पत्ती म्हणून तीच धरली तर प्रत्येक केंद्र नापास होणार, कारण स्मृती घसरतच जाते. ती घसरत असतानाही माणूस समाधानात असू शकतो, आणि सेवेच्या हातात असतं ते हेच समाधान. क्यूओएल-एडी ही जीवनमानाची प्रश्नावली त्याबद्दल विचारते: 13 मुद्दे, एकूण 13 ते 52 गुण.

प्रतिसाद ३
क्यूओएल-एडीत रुग्ण स्वतः उत्तरं देतो आणि जवळची व्यक्ती वेगळी देते. या दुसऱ्या उत्तरांना 'प्रॉक्सी' म्हणतात. मराठीत 'प्रतिनिधीचं उत्तर' लिहू नका, कृपया. प्रतिनिधी म्हणजे त्याच्या वतीने बोलणारा, त्याचंच मत मांडणारा. इथे तसं घडत नाही. घरच्यांचे गुण बहुतेकदा रुग्णाच्या गुणांपेक्षा कमी येतात. त्यांचा थकवा, त्यांचं दुःख त्यात उतरतं. 'जवळच्यांचं मत' म्हणा, आणि रुग्णाला बोलता येतंय तोवर त्याचंच आधी विचारा.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वेदना ओळखण्यासाठी पेनएड ही मापनी आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, धीर दिल्यावर शांत होणं. पाच गोष्टी पाहून 0 ते 10 गुण. त्याला 'निरीक्षण मापनी' शोभेल.

प्रतिसाद ४
कर्मचारी 'काही फरक पडला का?' असं बोलतात. 'फरक मापनी' केलं तर?

प्रतिसाद २
स्मृतिभ्रंशात फरक न पडणं, आहे ते टिकणं हेही मोठं यश असतं. त्या शब्दाने ते दिसेनासं होईल.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. मथळ्यात 'निष्पत्ती मापनी' घेते, आणि खाली लगेच: 'या व्यक्तीचं सध्या कसं चाललंय, हे ठरावीक प्रश्नांनी पुन्हापुन्हा टिपणं.' रुग्णाचं उत्तर आणि जवळच्यांचं मत यांना वेगळे रकाने ठेवते. सरासरी काढायची नाही, असंही लिहिते. पाळी बदलताना हे गुण एकमेकांना सांगण्याबद्दल एक ओळ घालायची आहे. फायलीत पडून राहिले तर त्या आजोबांना त्यांचा काय उपयोग?