मदत हवी आहे: बोटीवरचा जुना फ्रीज थंड होत नाही, हवा कुठून द्यावी?

कालवेकर
नमस्कार मंडळी. बोटीवरचा फ्रीज जुना आहे, चालतो पण थंड होत नाही. कॉम्प्रेसर थोडा वेळ घुरघुरतो आणि बंद, परत चालू, परत बंद. दूध दुसऱ्या दिवशी नासतं. मागे हात घातला तर नुसती भट्टी. त्याला हवा मिळत नाहीये हे उघड आहे, तर भोक कुठे पाडायचं आणि केवढं एवढंच सांगा. नवीन घ्या असं कृपया कुणी लिहू नका. वीकेंडच्या आत करायचंय.

चहाबाज
नवीन घ्या :)

थंडा_मिस्त्री
कालवेकर, मी नाशकात फ्रीज-एसीचंच काम करतो. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत हो. कोणता फ्रीज, किती लिटर, कशावर चालतो, कुठे बसवलाय? माझा अंदाज गॅस कमी झालाय. आधी गॅस चेक करून घ्या.

कालवेकर
गॅसवर चालत नाही, विजेवर चालतो.

थंडा_मिस्त्री
अहो सिलिंडरचा नाही, कॉम्प्रेसरमधला गॅस म्हणतोय मी!

दर्या_रत्नांग्री
बोट म्हणजे ट्रॉलर का? आमच्याकडं मिरकरवाड्याला कुणी फ्रीज ठेवत नाही बोटीवर. बर्फाच्या लाद्या फोडून खणात भरायच्या, मासळी आठ दिवस टिकते, तुमचं दूध काय घेऊन बसलात. फ्रीज काढून टाका आणि चांगला जाड आइसबॉक्स करून घ्या.

मावशी_लीड्स
रत्नांग्री, बर्फाची फॅक्टरी शेजारी असल्यावर सोपं आहे. कालवेकर इंग्लंडात नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यातल्या लांबट अरुंद बोटीवर राहतात, त्यांचा मागचा धागा वाचलाय मी. ग्रँड युनियन कालवा, मिल्टन कीन्सच्या आसपास, बरोबर ना? हल्ली भाडं परवडत नाही म्हणून बरीच पोरं बोटीवर राहायला लागलीयत.

कालवेकर
हो मावशी, तोच मी. ५७ फुटी बोट, सेकंडहँड. मला वाटलं सगळ्यांना माहितीये.

दर्यासारंग_निवृत्त
मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं माझं, रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरची मोठमोठी युनिटं सांभाळलीयत, तेव्हा जरा नीट ऐका. आमच्या वेळी चीफ इंजिनियर म्हणायचा की फ्रीजमध्ये थंडी भरत नाहीत, आतली उष्णता बाहेर काढतात, आणि बाहेर काढलेली उष्णता तिथेच कोंडून राहिली तर कॉम्प्रेसर जन्मभर तीच उपसत बसेल. आता प्रश्न. १२ व्होल्ट का २३०? का गॅस, १२ आणि २३० अशा तीन तऱ्हांनी चालणारा अमोनियाचा? कॉम्प्रेसरवर काय लिहिलंय? फ्रीज खालून मोकळा आहे का? दार नीट लागतं का? आणि बॅटरीपासून फ्रीजपर्यंत वायर किती लांब नि किती जाड?

कालवेकर
काका, १२ व्होल्ट. कॉम्प्रेसरवर डॅनफॉस बीडी५० असं काहीतरी. ओट्याखाली बसवलाय, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, मागे बोटीची लोखंडी भिंत. वायरचा काय संबंध? हवेचं विचारतोय मी.

कॅरव्हॅनवाला
सोपं आहे. मागच्या भिंतीला एक खाली आणि एक वर अशी दोन भोकं पाडा, जाळ्या लावा. आमच्या कॅरव्हॅनला तसंच आहे, मस्त चालतं. आणि जुना असेल तर एक रात्र उलटा करून ठेवा, परत थंड करायला लागतो, खात्रीचा उपाय आहे.

मावशी_लीड्स
कॅरव्हॅनवाले भाऊ, बोट आहे ती! ओट्याखालच्या फ्रीजचा खालचा भाग पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. तिथे भोक पाडलं तर फ्रीज थंड होईल हे मात्र खरं.

थंडा_मिस्त्री
हसून हसून मेलो. आणि उलटा करायचं चुकूनही करू नका. ते अमोनियावाल्या फ्रीजचं, त्यात कॉम्प्रेसरच नसतो. कॉम्प्रेसरवाला उलटा केलात तर त्याचं तेल पाइपात जाईल.

कॅरव्हॅनवाला
माझा झाला होता बरा. अनुभवाचं सांगितलं, घ्यायचं तर घ्या.

दर्यासारंग_निवृत्त
वायरचा संबंध सांगतो. बीडी५० ला इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, ते बॅटरी वाचवायला व्होल्टेज बघत असतं. १२ व्होल्टच्या सिस्टिमला काही वेगळं सेटिंग केलेलं नसेल तर १०.४ ला ते बंद करतं आणि ११.७ झाल्यावर परत सुरू होऊ देतं. तुमचं घुरघुर-बंद-घुरघुर मला तसलंच वाटतंय. मॉड्यूलवर छोटा लाल दिवा आहे का बघा, नसेल तर + आणि डी या टर्मिनलमध्ये एलईडी लावता येतो. चार-चार सेकंदांनी किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी, दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट खातोय, तीनदा मोटर सुरू होत नाहीये, चारदा वेग धरत नाहीये, पाचदा मॉड्यूल तापलंय. पाच आले तर हवेचा प्रश्न, एक आला तर वायरचा. आधी मोजा, मग करवत घ्या हातात.

पुणेकर_इन्व्हर्टर
एवढा उपद्व्याप कशाला? साधा घरगुती २३० व्होल्टचा फ्रीज घ्या, अर्ध्या किमतीत येतो, आणि इन्व्हर्टरवर चालवा. माझ्या फार्महाउसवर तसंच आहे. १२ व्होल्टचे फ्रीज म्हणजे लुटायचे धंदे.

दर्यासारंग_निवृत्त
आणि इन्व्हर्टर दिवसरात्र नुसता चालू ठेवायला जी वीज लागते ती कोण मोजणार? फार्महाउसला एमएसईबी आहे, ह्याला दोन बॅटऱ्या आणि इंग्लंडचं ऊन.

पुणेकर_इन्व्हर्टर
सोलर लावा मग. तुम्हाला नवीन तंत्रज्ञान नकोच असतं.

चहाबाज
धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत विचारतो, एवढी घाई कसली आहे? तिकडे तसंही थंड असतं ना?

कालवेकर
जुलै आहे, लोखंडी बोट उन्हात तापते. आणि रविवारी आई येतेय सांगलीहून, महिनाभर राहणार आहे. तिचं इन्सुलिन ठेवायचंय. म्हणून घाई.

मावशी_लीड्स
अरे मग हे आधी नाही का सांगायचं! दूध नासलं तर चहा काळा प्यायचा, अंडी इथं दुकानातसुद्धा बाहेरच ठेवतात. इन्सुलिनचं तसं नाही. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत हवं. आणि गोठलं तर फेकून द्यायचं, वितळलं तरी वापरायचं नाही. बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या पत्र्याला टेकवून ठेवू नकोस, डब्यात घालून मधल्या फळीवर पुढे ठेव. वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा चारेक आठवडे बाहेर चालतं पण उन्हात नाही, पाकिटावरचं वाच आणि फार्मसीत विचार.

दर्या_रत्नांग्री
आमची आजी मडक्यात ठेवायची इन्सुलिन. बाहेर वाळू, ती ओली ठेवायची. लाइट गेली तरी टेन्शन नाही.

मावशी_लीड्स
तिकडे उपाय चांगला आहे, पण त्यात २ ते ८ काही येत नाही, आणि इथल्या दमट हवेत पाणी कमीच उडतं. कालवेकर, तोवर न उघडलेलं इन्सुलिन ओळखीच्या कुणाच्या घरी फ्रीजमध्ये ठेव. आणि आईंना बोटीत चढता-उतरताना हात दे, लॉकच्या (कालव्यात बोट वर-खाली करायच्या दारांच्या) कडा फार निसरड्या असतात.

थंडा_मिस्त्री
बरं आता हवेचं, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि कुणी उत्तरच दिलं नाही. फ्रीज बाहेर ओढा. मागची काळी जाळी (उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर) ब्रशने साफ करा, तिच्यावर धुळीची आणि केसांची गोधडी बसलेली असते. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटला तर रबर गेलं. कागद साधा घ्या, तुमच्या पाउंडाच्या नोटा प्लास्टिकच्या, त्या कुठूनही सुटतात. मग हवा खालून आत आणि वरून बाहेर, जाळीला घासून गेली पाहिजे. फ्रीजच्या बाजूने मोकळी फट असेल तर हवा तिथूनच पळते आणि जाळी कोरडीच राहते, त्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा. वर ओट्याला मागच्या कडेला हवा बाहेर जायला फ्रीजच्या रुंदीची लांब झरोक्याची जाळी. आणि हवा ओढली जातेय का ते बघायचं तर खाली उदबत्ती धरा, धूर कुठे जातो ते दिसतं.

दर्यासारंग_निवृत्त
बाकी सगळं मान्य, उदबत्ती नको! नॅरोबोटीत स्वयंपाकाचा गॅस असतो, तो हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी बिल्जमध्ये, म्हणजे फरशीखालच्या पोकळीत साठतो. तिथे विस्तव घेऊन बसायचं? टिश्यू पेपरची पट्टी धरा, ती हलली की कळतं.

थंडा_मिस्त्री
वीस वर्षं उदबत्ती लावतोय, काही झालं नाही.

दर्यासारंग_निवृत्त
नाशकात जमिनीवर!

नॅरो_बोटीण
मी गेली काही वर्षं केनेट अँड एव्हनवर राहते. नॅरोबोटीत खालची हवा फ्रीजखालच्या फळीला भोक पाडून बिल्जमधून घेतात. तिथल्या लोखंडाला बाहेरून कालव्याचं पाणी लागलेलं असतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथली हवा गार. तळहाताएवढं भोक पुरतं, वर जाळी मारा नाहीतर चमचे खाली जातात. बऱ्याच बोटींना आधीच असतं ते, फ्रीज काढून बघा. फक्त बिल्ज कोरडं आणि गॅसचं पाइपिंग तपासलेलं असू दे. रच्याकने, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म आहे ना चालू? २०१९ पासून झोपायची सोय असलेल्या बोटींना बोट सेफ्टीच्या तपासणीत तो लागतोच.

कालवेकर
अलार्म आहे. काल रात्री फ्रीज बाहेर काढला. फळीला भोक आधीचंच होतं, पण त्यात कार्पेटचा तुकडा गच्च कोंबलेला! आधीच्या मालकाचे पाय गार पडत असणार. तो ओढला आणि टिश्यू लगेच वर उडाला. जाळीवर कुत्र्याचे केस, आणि कुत्रा माझ्याकडे नाही. सगळं साफ केलं. तरी घुरघुर-बंद तसंच. दिवा एकदाच लुकलुकतोय.

दर्यासारंग_निवृत्त
मीटर लावा. बॅटरीवर नाही, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर, आणि तो सुरू होत असतानाच बघा.

कालवेकर
बॅटरीवर १२.६. फ्रीजपाशी तो बंद असताना १२.५, सुरू व्हायला लागला की १०.२ आणि खट बंद. वायर अंदाजे ८ मीटर, जाडी माहीत नाही, पातळच आहे. मधे एक फ्यूज होल्डर आहे, हिरवा पडलेला.

थंडा_मिस्त्री
दीड स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) असणार, फार तर अडीच.

दर्यासारंग_निवृत्त
सापडलं. जाऊन-येऊन १६ मीटर तांबं, दीड स्क्वेअर, ५ अँपिअर, म्हणजे पाऊण-एक व्होल्ट नुसत्या वायरमध्ये गेला. बाकीचा त्या हिरव्या होल्डरने खाल्ला. कंपनीचा हिशेब साधा आहे, १२ व्होल्टला ६ मीटरपर्यंत ६ स्क्वेअर, १० मीटरपर्यंत १० स्क्वेअर. तुम्ही १० घ्या, थेट बॅटरीपासून, मधे जोड नको, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ. बंद असताना १२.५ दाखवलं म्हणून वायर चांगली असं समजू नये, करंट वाहत नसेल तेव्हा सगळ्याच वायरी चांगल्या.

पुणेकर_इन्व्हर्टर
२३० असतं तर ही भानगडच नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

कालवेकर
१० स्क्वेअर मागवली. तोवर जाड जंपर केबल लावून चालवला, एकदाही बंद पडला नाही. रात्रभर ग्लासातल्या पाण्यात थर्मामीटर ठेवला होता, सकाळी ५ डिग्री. आता वरच्या जाळीखाली कॉम्प्युटरचा जुना पंखा लावू का? तो हवा बाहेर ओढणारा लावू का मागच्या काळ्या जाळीवर फुंकणारा?

थंडा_मिस्त्री
ओढणारा. वर लावायचा. गरम हवा तशीही वर जातेय, तिला नुसता हातभार.

कॅरव्हॅनवाला
फुंकणारा. खाली लावायचा. पंख्याला गरम हवा लागली की त्याचे बेअरिंग लवकर जातात.

नॅरो_बोटीण
दोन्ही चालतात, दिशा खालून वर राहिली म्हणजे झालं. माझा खाली आहे. आवाज आला तर रबरी वॉशर घाला, बेड पलीकडेच असेल.

दर्यासारंग_निवृत्त
पंख्याची प्लस मॉड्यूलच्या + ला आणि मायनस एफ ला, म्हणजे कॉम्प्रेसर चालेल तेव्हाच फिरेल. मॉड्यूल पंख्याला अर्धा अँपिअरच देतं, पंख्यावर लिहिलेलं वाचून घ्या.

कालवेकर
०.१८ लिहिलंय. खाली लावतो. सगळ्यांचे आभार, चहाबाज सोडून.

मांडवी_सेलर
छान धागा. माझी छोटी यॉट गोव्यात आहे, २४ व्होल्ट, मॉड्यूल हेच. मलाही एकच लुकलुक येतेय. २४ ला कट कितीवर होतो? बाकी काही माहिती लागली तर सांगतो.

दर्यासारंग_निवृत्त
२२.८. आणि वायर किती लांब नि किती जाड ते लिहून वेगळा धागा काढा.