प्रति: नॉर्वेजियन जोडशब्दांत आघात कुठे?

वर कुणीतरी लिहिलंय की नॉर्वेजियन जोडशब्दांत आघात (उच्चारातला जोर) शेवटच्या पदावर, म्हणजे जोडलेल्या शब्दांतल्या शेवटच्या शब्दावर येतो. उलट आहे. मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर, दुसऱ्यावर दुय्यम. 'स्टाशून' (स्थानक) एकटा असला की जोर 'शून'वर. पण 'तोगस्टाशून' (रेल्वे स्थानक) म्हणताना मुख्य जोर 'तोग'वर जातो आणि 'शून'कडे उरतो तो दुय्यम.

म्हणूनच जोडशब्द तोडून लिहिला की नॉर्वेजियन लोक चिडतात. 'लामेलोर' म्हणजे कोकराची तंगडी, जेवणातली. तोच 'लामे लोर' असा सुटा लिहिला की झाल्या लुळ्या मांड्या! बोलतानाही सुट्या शब्दांत दोन्हीकडे पूर्ण जोर पडतो, त्यामुळे कानालाच फरक कळतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना पदांची सीमा पाळायची. 'आर्बाइड्सप्लास' (कामाची जागा) यातला जोडणारा 'स' पहिल्या पदाकडेच राहतो, 'प्लास'ला चिकटत नाही. आणखी एक गंमत: 'बुस' (बस; लिहिताना शेवटी दोन एस) आणि 'स्टॉप' (सुरुवातीला एक एस) जोडले की तीन एस होतात, लिहायचे मात्र दोनच. पण ओळ तिथेच तुटली तर गिळलेला एस परत येतो. मला हे कळायला बराच काळ लागला.