चर्चा: शरीरात यंत्र आले की इच्छा कोणाची?

कृष्णाकाठ, सांगली
वडिलांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा उंचवटा आहे, तो पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके राखणारे यंत्र. तपासणीला गेलो की तंत्रज्ञ त्यावर एक उपकरण ठेवतो, पडद्यावर आकडे उमटतात, 'मिनिटाला साठवर ठेवू' असे म्हणून तो ठोक्यांची किमान मर्यादा ठरवतो आणि वडील सदऱ्याची बटणे लावत मान डोलावतात. अशा यंत्र जोडलेल्या माणसासाठी 'सायबॉर्ग' हा शब्द मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी १९६० मध्ये अंतराळवीरांच्या संदर्भात घडवला. शरीराची देखभाल यंत्राने परस्पर करावी आणि माणूस विचार करायला मोकळा राहावा, अशी त्यांची कल्पना होती. माझा आक्षेप या मोकळेपणालाच आहे, कारण ज्याच्या हाती वही तोच हिशेब मांडणार.

तंतकार, मिरज
हे पटत नाही. आमच्या घरी सतारी होतात. जवारीसाठी, म्हणजे तारेला गुंजणारा नाद यावा म्हणून, तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून फिरवून आजोबांच्या बोटांना घट्टे पडले होते, पण म्हणून हात परका झाला असे कोणी म्हटले नाही. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासांतच बंद पडला, तरी पुढे यंत्रे बदलत ते २००१ पर्यंत जगले. त्या त्रेचाळीस वर्षांत त्यांनी घेतलेले निर्णय यंत्राचे म्हणायचे काय?

माहुली, सातारा
तंतकार, आजोबांची कानस त्यांच्या मुठीत होती. माझ्या भाचीला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले यंत्र, आहे. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशींचे काम जेमतेम वीस-बावीस इलेक्ट्रोड करतात, आणि ती सारी आखणी मुख्यतः बोलणे कळावे यासाठी आहे. तिला आईची हाक स्वयंपाकघरातूनही कळते. तंबोरा लावला की मात्र ती कपाळाला आठ्या घालते. काय ऐकण्याजोगे, हे तिच्या आधीच कोणीतरी ठरवून ठेवले आहे.

तंतकार, मिरज
उणीव मान्य आहे. (जवारी ऐकू न येणे म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला सांगावे लागत नाही.) तरी मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र तिच्या कानाला जुळवण्याच्या, वेळी 'हे कर्कश लागते' असे तुमची भाची म्हणाली की आकडे बदलता येतात. आपल्याला जन्मतः मिळालेल्या कानाबद्दल असे कोणी विचारले होते?

कृष्णाकाठ, सांगली
तिला निदान विचारतात. वडिलांना आजवर कोणी विचारले नाही आणि, खरे सांगायचे तर, मीही विचारले नाही. पुढच्या तपासणीत 'साठच का?' हा प्रश्न त्यांनाच करायला सांगणार आहे.