टीव्हीवरच्या एफ-वनपेक्षा कोइमतूरच्या करी ट्रॅकवरचा एक शनिवार-रविवार बरा. पटतंय का?

गंगापूररोडकर

कट्ट्यावर झालेला वाद इथे मांडतोय. माझं म्हणणं साधं आहे. ज्याला मोटर रेसिंग खरंच समजून घ्यायचंय, त्याने वर्षभर सोफ्यावर बसून एफ-वन बघण्यापेक्षा एकदा कोइमतूरला जावं आणि हौशी फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतींचा अख्खा वीकेंड बघावा. शुक्रवारच्या सरावापासून रविवारच्या अंतिम निकालापर्यंत. मित्र म्हणाले, बापाच्या पैशावर चाललेली हौस बघायला दोन रात्री रेल्वेत कोण घालवणार?

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. कोइमतूरबाहेर चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक, २००३ पासूनचा. नाव एस. करिवर्धन यांचं. मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यांनी फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या आणि उघड्या चाकांची, एकाच माणसाची गाडी आपल्याकडच्या सामान्य रेसरच्या आवाक्यात आणली. आज तिथे राष्ट्रीय स्पर्धेत एलजीबी फॉर्म्युला ४ धावते. सगळ्यांना सारखीच गाडी, मारुतीचंच १३०० सीसीचं इंजिन. त्यामुळे फरक पडतो तो चालवणाऱ्याचा आणि थोडाफार सेटिंगचा.

आता मुद्दा. एफ-वनमध्ये मागची गाडी जवळ गेली की पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत तिला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पंखांचा दाब कमी होतो, टायर घसरून तापतात, आणि ड्रायव्हर दोन लॅपनंतर माघार घेतो. करीवर हवेच्या दाबापेक्षा टायरची पकड महत्त्वाची, म्हणून मागचा पुढच्याला चिकटूनच राहतो. सरळ रस्त्यावर स्लिपस्ट्रीम घ्यायची, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वेग वाढवायचा, ब्रेकिंगला आत घुसायचं, पुढच्या लॅपला तोच डाव आपल्यावर. शिवाय चाकं उघडी. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला लागलं तर गाडी त्यावर चढून हवेत जाते. सलून कारवाले, म्हणजे नेहमीच्या बंद गाड्यांचे रेसर, दार घासून पुढे जातात तसं इथे चालत नाही. प्रत्येक ओव्हरटेकमध्ये दोघांनी एकमेकांवर थोडा विश्वास टाकलेला असतो. हे टीव्हीवर कळत नाही, कुंपणापाशी उभं राहिलं की कळतं.

आणि शुक्रवार चुकवू नका. त्या दिवशी कोण कुठल्या वळणाला लवकर ब्रेक मारतो ते बघून ठेवलं, तर रविवारी कोण कुठे घुसणार ते आधीच दिसायला लागतं.

सातपूरचा टर्नर

सगळं छान लिहिलंय भाऊ, पण 'हौशी' म्हणजे नक्की कोण हो? पगारातून पीएफ कापून उरलेल्या पैशात फॉर्म्युला गाडी चालवणारा एक माणूस दाखवा.

लायसन्स, आगीत न जळणारा सूट, हेल्मेट, मान सांभाळणारं हान्स उपकरण, गाडीचं भाडं, टायर. आणि ठोकली तर विशबोन (चाक गाडीला जोडणारे दांडे), नोजकोन (पुढचं नाक), सगळ्याचं बिल वेगळं. हे झालं एका वीकेंडचं. त्याआधी आठव्या-नवव्या वर्षापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यती. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये भारताचा पहिला एफ-वन ड्रायव्हर झाला, अभिमान आहेच, पण त्याचे वडील स्वतः रॅलीवाले होते. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला, तेही घर खासदारांचं. गुणी पोरं आहेत, नाकारत नाही. पण ज्या खेळात चाचणीलाच माझ्या पोराला उभं राहता येत नाही, त्यात 'फरक फक्त चालवणाऱ्याचा' हे वाक्य मला पचत नाही. फरक गेटवरच पडलेला असतो.

त्यापेक्षा बैलगाडा शर्यत बघतो मी. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टाने परवानगी दिल्यापासून गावोगावी लोक लोटतात. बैल पाटलाचा असला तरी हाकणारा आणि ओरडणारा आपलाच असतो.

गंगापूररोडकर

@टर्नर, पैशाचं खरं आहे, त्यावर वाद नाही. पण मी बघण्याबद्दल लिहिलंय, चालवण्याबद्दल नाही. विमान चालवता येत नाही म्हणून ओझरचा एअर शो बघायचा नाही का?

आणि बैल एकाचा, गर्दी गावाची, हे तुम्हीच म्हणालात. तेच तर म्हणतोय. फॉर्म्युलाची गर्दी का होत नाही, हा खरा प्रश्न आहे.

रॅलीवाली रेवती

गर्दी होत नाही कारण कोइमतूर लांब आहे, बाकी काही नाही. आणि मला या धाग्याचं आश्चर्य वाटतंय. नाशिकमध्ये बसून तुम्ही लोकांना दक्षिणेला पाठवताय? अहो, हे रॅलीचं गाव आहे. इथल्या घाटवाटांवर आणि मुरमाड रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली झाल्यात. लहानपणी बाबांच्या स्कूटरवरून स्टेज, म्हणजे रॅलीचा एकेक टप्पा, बघायला जायचे आणि तोंडावर ओढणी बांधूनही दातांत माती यायची.

सर्किटवर तोच रस्ता, तीच वळणं, पुन्हा पुन्हा. पंधरा लॅपनंतर ड्रायव्हर काय, पाहणाऱ्यालाही पाठ होतं. रॅलीत शेजारी बसलेला नेव्हिगेटर वळणांच्या नोट्स वाचतोय, पुढच्या वळणावर रात्रीतून दरड आलीये की बकऱ्या उभ्या आहेत ते देवाला ठाऊक, आणि तरी पाय खाली. खरं कसब ते.

गंगापूररोडकर

रेवतीताई, रॅलीत गाडी समोरून चार सेकंदात जाते आणि पुढच्या गाडीची वाट बघत तुम्ही धूळ खात बसता. कोण पुढे, कोण मागे हे संध्याकाळी कागदावर कळतं. तोच रस्ता पुन्हा पुन्हा, हाच तर सर्किटचा गुण आहे. एकाच वळणावर वीस जण वीस प्रकारे येतात आणि तुम्ही उभ्या जागी तुलना करू शकता.

रॅलीवाली रेवती

निकाल संध्याकाळी कागदावर कळतो हे तुमच्याकडेही आहे, लपवू नका! झेंडा पडला तेव्हा पहिला आलेला संध्याकाळी तिसरा असतो.

गंगापूररोडकर

ते मात्र आहे, आणि मला तो भाग आवडतो हे सांगायला लाजणार नाही. शर्यत संपली की गाड्या पार्क फर्मेमध्ये बंद. कुणी हात लावायचा नाही. गाडी ड्रायव्हरसकट वजनकाट्यावर, कमी भरली तर बाद. लाल दिवे विझायच्या आधी चाक हललं असेल तर दंडाचे सेकंद शेवटच्या वेळेत जोडले जातात. कुणी प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार, टाकला तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, दोघांना बोलावून व्हिडिओ बघतात. तोवर निकालाच्या कागदावर 'तात्पुरता' लिहिलेलं. मोठ्या स्पर्धांमध्ये हे सगळं बंद दारांमागे चालतं. इथे हरलेला पोरगा हेल्मेट काखेत धरून सूचनाफलकासमोर उभा असतो आणि आपण त्याच्या मागे उभे राहून तोच कागद वाचत असतो.

पंचवटीचे आजोबा

मंडळी, एक विचारतो. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर के. ई. कुमार अपघातात गेले. वय ५९, मुरलेला रेसर, राष्ट्रीय स्पर्धेतली शर्यत. दुसऱ्या गाडीला लागून त्यांची गाडी ट्रॅकबाहेर गेली. इतकी वर्षं चालवलेला माणूस जातो, तर हौसेच्या नावाखाली नवख्या मुलांना अशा गाडीत बसवणं आणि आपण टाळ्या वाजवणं यात मला तरी आनंद वाटत नाही. माझा नातू असता तर मी जाऊ दिलं नसतं.

गंगापूररोडकर

आजोबा, ती सलून गाड्यांची शर्यत होती, पण म्हणून फॉर्म्युला सुरक्षित असं म्हणणार नाही. उघड्या गाडीत तर धोका जास्तच वाटावा. एवढंच सांगतो की सुरक्षेचा विचार मी रस्त्यावर कुठे बघत नाही तितका तिथे बघतो. शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी. दर वळणावर झेंडे दाखवणारे मार्शल. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा दिसला तर पुढे रस्ता निसरडा. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोळा आणि सोबत तुमचा नंबर, म्हणजे गाडीत बिघाड आहे, निमूट पिटमध्ये या. हे मार्शल बहुतेक हौसेने आलेले असतात, उन्हात दिवसभर.

त्र्यंबक नाका

गंगापूर रोडला रात्री अकराला फाटक्या सायलेन्सरच्या बुलेटी पळतात, तिथे कोणता झेंडा दाखवायचा? नाशिकलाच एक ट्रॅक करा ना सिन्नरकडे, ही पोरं तिकडे जातील.

सातपूरचा टर्नर

नाही जाणार भो. बुलेटवाल्याला ट्रॅक नकोय, कॉलेजरोडवरचे बघे हवेत. आणि आधी कुंभाचे रस्ते तर होऊ द्या.

फूल थ्रॉटल

मी २०११ ला ग्रेटर नोएडाला गेलो होतो, एफ-वनला. पाच किलोमीटरच्या वरचा ट्रॅक, मला दिसला एक कोपरा. बाकी सगळं मोठ्या पडद्यावर. तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा वेटेल जिंकला, मग करांच्या भांडणात सगळं बंद. तरीही सांगतो, त्या आवाजाची सर १३०० सीसीला नाही. व्ही-८ इंजिन पहिल्यांदा समोरून गेलं तेव्हा छातीत धडधडलं होतं. गंगापूररोडकर, तुम्ही बुद्धीला पटणारं सांगताय, पण माणूस रेसिंगकडे कानांनी ओढला जातो.

गंगापूररोडकर

आवाजाचं मान्य. पण ती इंजिनं २०१३ नंतर एफ-वनमध्येही उरली नाहीत, तेव्हा तो मुद्दा आजच्या टीव्हीच्या बाजूने जात नाही.

थर्ड इयर मेकॅनिकल

सर्वांना नमस्कार. तुमच्या वादात तिसरी बाजू आहे, ती कुणी काढलीच नाही. याच करी ट्रॅकवर जानेवारीत फॉर्म्युला भारत भरते. इंजिनिअरिंग कॉलेजांची स्पर्धा. उघड्या चाकांची, एका सीटची गाडी आम्हीच डिझाइन करायची, आम्हीच वेल्डिंग करायची, आम्हीच चालवायची. पेट्रोल गाडीला ७१० सीसीची मर्यादा. बरेच संघ केटीएम ३९० बाइकचं इंजिन टाकतात. इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते, म्हणजे ताकद आपोआप आवरते.

इथे गाड्या शेजारीशेजारी पळत नाहीत, घड्याळाशी स्पर्धा असते. ७५ मीटरची सरळ धाव, आठच्या आकड्याचं वळण, आणि शेवटी २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स. तिच्या मध्यावर गाडी बंद करून ड्रायव्हर बदलायचा. खरी मजा इथे. तापलेलं इंजिन परत सुरूच होत नाही. वर्षभर रात्री जागलेली पोरं बॅरियरच्या पलीकडून बघत असतात, आत हातही लावता येत नाही, स्टार्टर फिरतोय, फिरतोय, आणि वेळ संपते.

टर्नर काका, तुमचा गेटचा मुद्दा इथे बराच कमी होतो. आमच्या संघात शेतकऱ्यांची पोरं आहेत, निफाडची, येवल्याची.

रॅलीवाली रेवती

हे जास्त पटलं. पण मग याला रेसिंग का म्हणायचं? समोर प्रतिस्पर्धीच नाही.

थर्ड इयर मेकॅनिकल

ताई, रॅलीत तरी कुठे असतो?

फूल थ्रॉटल

😂 रेवतीताई, आता बोला.

सातपूरचा टर्नर

पोरा, तुझ्यासारख्यांची कामं माझ्या लेथवर येतात, म्हणून तुझ्याबद्दल तक्रार नाही. हब, स्पेसर, अपराइट, चाकाकडचे सगळे भाग करून दिलेत, पैसे आले तर आले. पण एक सांग तुझ्या मित्रांना. ड्रॉइंगवर दर मापाला ०.०१ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहून आणतात. बेअरिंग बसतं तिथे लिही ना, बाहेरच्या कडेला कशाला? एका हबला अर्धा दिवस जातो. आणि वर विचारतात, काका, संध्याकाळपर्यंत होईल का?

गंगापूररोडकरांना एवढंच विचारतो. एलजीबीच्या गाड्यांचं तुटलेलं विशबोन तिथल्या तिथे बदलत असतील. ते नवं विशबोन कोण बनवतं, रातोरात कुठल्या शेडमध्ये होतं, त्याचं नाव त्या निकालाच्या कागदावर असतं का?

गंगापूररोडकर

नसतं. कागदावर ड्रायव्हरचं आणि संघाचं नाव असतं. मेकॅनिक मात्र पिटमध्ये समोरच असतात, बोलतातही. बहुतेक कोइमतूरच्या आसपासचे, तिथे पंप आणि कापडगिरण्यांची यंत्रं बनवण्याचा जुना धंदा आहे, तिथला हात या गाड्यांना लागलेला दिसतो. तुम्ही आलात तर तुमचा वेळ ट्रॅकपेक्षा तिथेच जाईल.

सातपूरचा टर्नर

कुर्ल्याहून कोइमतूरची जी गाडी आहे ती कल्याणला थांबते का? शुक्रवारची रजा मिळणार नाही, शनिवारचं बघतो. आणि शर्यतीला चाललोय असं समजू नका, शेड बघायचीय.

रॅलीवाली रेवती

शुक्रवार चुकवणारा माणूस गंगापूररोडकरांच्या मते रेसिंग बघायला लायकच नाही, लक्षात आहे ना टर्नरभाऊ?

गंगापूररोडकर

कल्याणला थांबते. शुक्रवारबद्दलचं मत कायम आहे.