बाजाराला कुलूप लावून लाळ्या थांबत नाही

सिन्नरचा गोठेवाला
“घोटीपासून मालेगावपर्यंत गुरांचे सगळे बाजार पावसाळाभर बंद ठेवा, लम्पी आणि लाळ्या आपोआप थांबतील” अशी पोस्ट कालपासून फिरतेय. लम्पी म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, लाळ्या म्हणजे तोंडाला-खुराला फोड आणणारा. ज्याचं घर गाय-बैल विकून चालतं त्यानं गप्प बसावं तरी किती?

2022 ला हेच केलं होतं. ऑगस्टात जळगावकडे लम्पी दिसली आणि पुढे राज्यभर बाजार बंद झाले. व्यवहार थांबले का? हेड्या, म्हणजे गुरांचा फिरता व्यापारी, रात्री पिकअप घेऊन थेट गोठ्यावर यायला लागला. एका फेरीत चार-पाच गोठे, तेच बूट, तीच दोरी. बाजारात निदान पावती फाटते, जनावर कुठून आलं नि कुठे गेलं याचा माग काढता येतो. गोठ्यावरच्या सौद्याला कागदच नाही.

धोका मोजायचाच तर बाजार किती भरतो यापेक्षा माल कुठून येतो आणि कुठे पांगतो ते बघा. आजूबाजूच्या गावांचे डांगी जातीचे बैल येऊन त्याच पट्ट्यात परत जातात तो बाजार वेगळा. जिथे परराज्यातल्या गाड्या उतरतात, रात्रभर सगळं एकत्र बांधलं जातं आणि सकाळी चार जिल्ह्यांत पांगतं, तो वेगळा. दुसऱ्यावर नजर ठेवा, हवं तर तोच बंद करा. दोघांना एकच कुलूप हा अन्याय आहे.

चांदवडचा पशुवैद्य
भाऊ, पांगण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निघतं तुमच्या उलट. लाळ्या-खुरकुताचं जनावर तोंडाला फेस यायच्या आधीच विषाणू सोडायला लागतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस जातात. गेटवर उभं राहून मी काय तपासणार?

इंग्लंडात 2001 ला काय झालं बघा. 20 फेब्रुवारीला रोग पक्का झाला, 23 तारखेला देशभर जनावरांची ने-आण बंद केली. तोवर हेक्सहॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून बाधित मेंढ्या दूरदूर गेल्या होत्या. शेवटी 60 लाखांवर जनावरं मारावी लागली. सगळ्यांची ने-आण आधी थांबवा, कोणता बाजार साधा नि कोणता धोक्याचा हे नंतर निवांत ठरवा.

आणि पावतीचं म्हणाल तर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर त्यावर नसेल, तर त्या पावतीनं माग लागत नाही.

निफाडची दूधवाली
डॉक्टरांशी सहमत. आम्ही बाजारातून एचएफ, म्हणजे जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीची गाय आणली, दिसायला ठणठणीत. आठवड्यात दावणीतल्या सगळ्यांना लाळ्या. मोठ्या गायी वाचल्या पण दूध निम्म्यावर आलं, ते पुन्हा चढलंच नाही. दोन वासरं गेली. विकणारा फोन उचलेना. माग काढता येतो म्हणता ना गोठेवाले दादा, मग मला माझा विकणारा काढून द्या.

येवल्याचा कांदेवाला
सगळे बाजार-बाजार करताय. इंग्लंडात पण मेंढ्याच निघाल्या ना? दरवर्षी मेंढपाळांचे वाडे येतात, शिवारातून जातात, मागून गावात रोग. बाजार बंद करण्याआधी हे कळप थांबवा.

वाड्यावरचा पोरगा
नाना, तोंड सांभाळून बोला. लम्पी गाई-म्हशींचा रोग आहे, मेंढीला होत नाही. तरी 2022 ला आमच्या वाड्याला दोन गावांनी पाणी भरू दिलं नाही. इंग्लंडातल्या मेंढ्या ट्रकातून बाजारोबाजार फिरल्या. आमच्या पायी जातात. एका दिवसात जातील तरी किती लांब? कांदा निघाला की रानात मेंढ्या बसवा म्हणून फोन तुम्हीच करता, खत तुम्हालाच लागतं. तेव्हा रोग आठवत नाही.

येवल्याचा कांदेवाला
खताचे पैसे मोजतो, फुकट बसवत नाही. लम्पीचं सोड, लाळ्या मेंढीला होतो की नाही एवढं डॉक्टरांनी सांगावं.

चांदवडचा पशुवैद्य
होतो. मेंढी-शेळीत लक्षणं इतकी सौम्य असतात की कळपात रोग फिरून गेला तरी मालकाला कळत नाही. त्यामुळे कळपाचा धोका शून्य नाही. पण नाना, माझ्या भागात मी जे उद्रेक पाहिले, ते बहुतेक नव्या विकत आणलेल्या गाई-बैलांपासून सुरू झाले.

वाड्यावरचा पोरगा
शून्य नाही, मान्य. मग लस द्या ना! लाळ्याची मोफत लस 2019 पासून केंद्राच्या योजनेत आहे. लस टोचणारे गावात येतात तेव्हा आम्ही बाहेर असतो. जिथे वाडा असतो तिथले म्हणतात तुमच्या गावात घ्या. पीपीआरनं, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगानं, शेळ्या मेल्या तेव्हा आई रात्रभर रडत होती, कोणी फिरकलं नाही. आम्हाला हाकलण्यापेक्षा वाड्यावर येऊन टोचा, मेंढ्या धरून द्यायला मी उभा राहतो.

येवल्याचा कांदेवाला
लस झालेली असेल तर माझी हरकत नाही. शिवारात पाणी पण भरू देईन. पण लस झाल्याचं दाखवायला लागेल.

सिन्नरचा गोठेवाला
मूळ मुद्द्यावर या. निफाडच्या ताई, तुमचं नुकसान खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. तुमच्या पावतीवर बिल्ल्याचा नंबर असता तर विकणारा सापडला असता, म्हणून मी नोंदीसाठी भांडतोय. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही हा नियम जून 2024 पासून आहे. तो गेटवर पाळायला लावा. लस टोचून तीन आठवडे झाल्याशिवाय जनावर आत नको.

दुसरं, लोक रोग लपवतात का? 2022 ला लम्पीनं मेलेल्या दुधाळ गाईला भरपाई 30 हजार होती. चांगली एचएफ त्यात येते का? गाठ दिसायला लागली की माणूस आधी गिऱ्हाईक शोधतो. बाजार बंद असेल तर हेड्या येतो, पडत्या भावात उचलतो आणि लांब नेऊन विकतो.

निफाडची दूधवाली
आणलेली गाय वेगळी बांधा असंही सांगाल आता. आमच्याकडे एकच पत्रा आहे, वेगळी कुठे बांधू?

चांदवडचा पशुवैद्य
ताई, निदान शेवटच्या खुंट्याला बांधा. गव्हाण आणि पाण्याची बादली वेगळी, धार सगळ्यांत शेवटी. लाळ्या वाऱ्यानंही जातो, त्यामुळे खात्री देत नाही, पण धोका कमी होतो. लम्पीसाठी माश्या-गोचिडांचा बंदोबस्त हवाच.

गोठेवाले, भरपाईचं तुमचं बरोबर, तेवढं घेतो. सरसकट पावसाळाभर बंदी मलाही नको. पण उद्रेक दिसला की त्या पट्ट्यातले बाजार त्याच दिवशी बंद, किमान चार आठवडे. “परवापासून बंद” असं जाहीर केलं की मधल्या एका दिवसात सगळा माल गाड्यांत चढतो.

सिन्नरचा गोठेवाला
त्याच दिवशी बंद करा, चालेल. पण उघडणार कधी ती तारीखही त्याच आदेशात लिहा. माझा बैल महिनाभर थांबेल, सोसायटीचा हप्ता थांबत नाही.