मदत हवी आहे: बाबांसाठी फिटनेस बँड, पण कॅलरीच्या आकड्यावर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी. बाबांसाठी मनगटावरचा फिटनेस बँड घ्यायचा आहे. दुकानात विचारलं की सगळेच बँड चांगले असतात, म्हणून इथे विचारते. रोज चालणारे-पळणारे इथे बरेच आहेत, फिजिओही आहेत. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला द्यायला लावणं बरं नाही.

बाबा ६६ वर्षांचे, वजन ८२ किलो, उंची १६८ सेंमी. साखर काठावर आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉल रोज चालू. गुडघे मात्र ठणठणीत. आम्ही नागपूरला राहतो, सकाळी ते सेमिनरी हिल्सच्या बाजूला पाऊण तास फिरतात. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आणि बाबांनी ते खरंच मनावर घेतलं, याचं आम्हा सगळ्यांना फार अप्रूप आहे. नोकरीभर हिशेब लिहिलेला माणूस, त्यामुळे याचीही वही झाली. डावीकडे खाल्लेलं, उजवीकडे जाळलेलं. डावीकडचं बऱ्यापैकी जमतं. आई पोळ्या मोजून वाढते, तेल चमच्यानं घालते. अडचण उजवीकडच्या रकान्याची आहे.

सध्या ते भावाचा जुना बँड वापरतात. माझं घड्याळ वेगळ्या कंपनीचं. एका सकाळी मी त्यांच्या दुसऱ्या हातात माझं घड्याळ बांधून दिलं, ॲपमध्ये वय-वजन त्यांचंच भरून. घरी आल्यावर एकात १६० कॅलरी, दुसऱ्यात ३०० च्या वर! माणूस तोच, रस्ता तोच. हा फरक म्हणजे त्यांच्या वहीत दीड पोळी. आकडा मोठा आला की रविवारी तर्री पोह्यांची दुसरी प्लेट होते, ते एक वेळ चालेल. पण आकडा लहान आला की ते रात्रीचं जेवण टाळतात. साखरेच्या माणसानं असं उपाशी झोपणं मला अजिबात पटत नाही, आणि हा धागा काढायचं खरं कारण तेच आहे.

माझं जे वाचून झालं ते सांगते. कुठलाही बँड कॅलरी मोजत नाही, अंदाज बांधतो. पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेवर पडतो, रक्त तो प्रकाश शोषून घेतं, परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. हाताची हालचाल वेगळा सेन्सर टिपतो. त्यात वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष हे घालून कंपनीचं सूत्र आकडा काढतं. स्टॅनफर्डमध्ये ६० जणांवर सात मनगटी उपकरणं तपासली होती, तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सातांपैकी सहांचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर होते. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हाची उपकरणं आता जुनी झाली, हे मान्य. पण फरक एवढा मोठा असेल तर जास्त पैसे मोजून नेमकं काय मिळतं?

दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. एक म्हणजे, चालताना बँडवर ठोके ११२ दिसत होते. मी बाबांना थांबवून लगेच मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजले, तर २१ भरले, म्हणजे मिनिटाला ८४. थांबल्यावर नाडी थोडी उतरते हे धरलं तरी इतकी? दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा हवा तापलेलीच असते. तेव्हा त्याच रस्त्याला, त्याच वेगाला बँड जास्त कॅलरी दाखवतो. खरंच जास्त जळतात का?

बजेट आठ हजारांपर्यंत. फोन अँड्रॉइड. कॉल, गाणी नकोत. आकडे मोठे हवेत, उन्हात दिसायला हवेत, बॅटरी आठवडाभर तरी टिकावी. सिलिकॉनच्या पट्ट्यानं त्यांना घामात पुरळ येतं, म्हणून कापडी पट्टा बसेल असा. छातीला बांधायचा पट्टा जास्त अचूक असतो म्हणतात, तो घ्यावा का?

नाडीचे_ठोके:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मेटोप्रोलॉलमध्ये आहे. हे औषध बीटा ब्लॉकर गटातलं. ते ठोक्यांना लगाम घालतं, मेहनत वाढली तरी नाडी पूर्वीइतकी चढत नाही. बँडचं सूत्र मात्र ठोके कमी म्हणजे मेहनत कमी असंच धरतं. म्हणून छातीचा पट्टा घेऊन बाबांचा प्रश्न सुटणार नाही. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, ठोके अगदी बरोबर देईल, पण त्या बरोबर ठोक्यांवरून काढलेली कॅलरी तरीही चुकेल. त्या पैशात चांगले बूट येतील.

११२ चं म्हणाल तर त्यांची पावलं मोजा. मिनिटाला ११० च्या आसपास निघाली तर बँड ठोक्यांऐवजी पावलांचा ताल मोजतोय. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला सेन्सर हलतो आणि ही गल्लत होते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही पण वळ उठणार नाही इतपत घट्ट बांधायचा.

उन्हाळ्यातली वाढ बहुतांशी फसवी असते. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामानं पाणी कमी होतं, हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. पायाचे स्नायू तेवढंच काम करत असतात. बँडला हा भेद कळत नाही.

आता वहीसाठी हिशेब. निवांत बसलेलं शरीर दर किलोला तासाला साधारण १ कॅलरी वापरतं, त्याला १ मेट म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी पावणेपाच किलोमीटरच्या आसपास चालणं म्हणजे सुमारे ३.५ मेट. ८२ किलोला पाऊण तासाचे झाले २१५. त्यातले ६० तर बसून राहिले असते तरी जळलेच असते. चालण्याची खरी भर १५५. चढ असेल तर थोडी जास्त धरा. औषध असो की उन्हाळा, हा आकडा त्यानं हलत नाही.

आणि रात्रीचं जेवण बँड बघून टाळू देऊ नका. साखरेची कुठली गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर एकदम खाली येते, आणि बीटा ब्लॉकरमुळे त्या वेळची छातीतली धडधड जाणवत नाही. धोक्याची खूणच झाकली जाते.

धरमपेठकर:
१६० आणि ३०० मधला थोडा फरक मांडणीचाही असू शकतो. काही ॲप फक्त हालचालीच्या कॅलरी दाखवतात, काही विश्रांतीच्या त्यात मिळवतात. फिटबिटचा दिवसाचा आकडा विश्रांतीसकट असतो, म्हणून सकाळी उठल्या उठल्या तिथे काहीशे दिसतात. ॲपलच्या घड्याळातली लाल रिंग फक्त हालचालीची. घेण्याआधी ॲपमध्ये दोन्ही वेगळे दिसतात का ते बघाच. वजन कमी झालं की ॲपमध्येही बदलायचं, ते कोणी करत नाही.

तुमच्या बजेटमध्ये ॲमोलेड पडद्याचा, पट्टा सुटा होणारा साधा बँड आरामात बसतो. पडदा दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा, आत सगळेच चकाकतात. जीपीएस असलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर फोनचं जीपीएस वापरणारा घ्या. अंतर नीट कळलं की वर दिलेला हिशेब कागदावरही होतो.

संत्रानगरीचा_वाटसरू:
ताई, काका या वयात रोज फिरून राहिले, वही लिहून राहिले, हेच फार मोठं आहे. मी अंबाझरीला फिरतो. माझ्या बाबांसाठी आम्ही कॅलरीचा स्क्रीन बँडवरून काढूनच टाकला, फक्त पावलं आणि वेळ ठेवला. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन. शरीरातल्या एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर रोज सरासरी ५५० ची तूट पडून राहिली, असं समजायचं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पाण्याचं वजनही उतरतं, म्हणून महिनाभराचं बघा. काकांना हिशेबाची आवड आहे ना, हा हिशेब त्यांना नक्की आवडेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पावलं मोजली, मिनिटाला ११० च्या वरच निघाली, आणि पट्टाही हाडावर सैल बसलेला होता. गोळीचं ऐकून आई घाबरली होती. आज डॉक्टरांना फोन केला. जेवण टाळायचं नाही असं त्यांनी बाबांना स्वतः सांगितलं आणि औषधांचा कागद घेऊन या म्हणाले.

बाबांनी उजव्या रकान्याचं नाव बदलून 'अंतर व वेळ' केलंय आणि रविवारच्या वजनासाठी नवीन पान आखलंय. १५५ चा आकडा त्यांनी स्वतः दोनदा गुणून पाहिला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. छातीचा पट्टा रद्द. पाच हजारांच्या आतला, सुट्या पट्ट्याचा आणि फोनचं जीपीएस वापरणारा बँड घ्यायचं ठरतंय.

आता एवढंच विचारायचं आहे: कापडी पट्टा घामानं ओला राहिला तर त्यानंही पुरळ येतं का? कोणी उन्हाळाभर वापरला असेल तर सांगा. आणि सीताबर्डीला असे पट्टे हातात घेऊन बघता येतील असं दुकान माहीत असेल तर तेही लिहा, शनिवारी बाबांना घेऊन जाणार आहे.