आईला बीपी वाढवायचं इंजेक्शन चालू आहे, डॉक्टरांना नेमकं काय विचारावं?

जतचा_पाहुणा

नमस्कार. आई (वय ६८) मिरजेत आयसीयूमध्ये आहे. लघवीच्या इन्फेक्शनने सुरुवात झाली. थंडी वाजून ताप आला, मग ती असंबद्ध बोलायला लागली आणि दवाखान्यात आणेपर्यंत वरचं बीपी ७० वर आलं होतं. सलाइन बरंच दिलं तरी बीपी उचलेना, म्हणून मानेत लाइन टाकून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू केलंय. डॉक्टर दोन वेळा भेटतात, नीट बोलतात, पण तेवढ्या वेळात आम्हाला काही सुचत नाही. ‘सपोर्टवर आहेत, बघू’ एवढंच डोक्यात राहतं.

आईला शुगर आहे आणि कित्येक वर्षं बीपी वाढतं म्हणून गोळी चालू आहे. तिलाच आता बीपी वाढवायचं इंजेक्शन कसं? काल मॉनिटरवर ११० दिसलं, आम्हाला हायसं वाटलं, तर संध्याकाळी डॉक्टर म्हणाले तब्येत आहे तशीच आहे. बोटं गार पडलीत, नखं निळसर दिसतात. त्यात मामांनी घरी सांगून टाकलंय की एकदा सपोर्ट लावला की माणूस परत येत नाही. बहीण तेव्हापासून जेवलेली नाही. कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा. डॉक्टरांवर शंका नाही, समजून घ्यायचंय.

रात्रपाळी

आधी बहिणीला जेवायला बसवा. मग दोघं मिळून वाचा.

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. तुमच्या आईला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण या इंजेक्शनचे पंप मी रोज लावते, त्याबद्दल नक्की सांगते.

इन्फेक्शन रक्तात पसरलं की रक्तवाहिन्या सैल पडतात. सलाइन कितीही दिलं तरी सैल वाहिन्यांत दाब टिकत नाही. नॉरअ‍ॅड त्या वाहिन्या आवळतं. हे द्रव्य आपल्या शरीरातही तयार होतं, फक्त अशा आजारात तेवढं पुरत नाही. बीपी वाढण्याचा त्रास असलेल्या माणसाचंही सेप्सिसमध्ये, म्हणजे अशा पसरलेल्या इन्फेक्शनमध्ये, बीपी पडू शकतं. त्यांची घरची बीपीची गोळी सध्या बंद केली असेल, तरी ‘गोळी चालू नाही ना?’ असं एकदा विचारून घ्या, आणि पिशवीत असेल तर घरी पाठवा.

आता ११० चं. मला सगळ्यात कळकळीने हेच सांगायचंय. मॉनिटरवरचा आकडा एकटा वाचू नका, तो किती औषधावर आला ते विचारा. काल ११० असेल आणि त्यासाठी औषध दुप्पट करावं लागलं असेल, तर तब्येत खालावली. आज ९५ असेल पण औषध निम्म्यावर आलं असेल, तर सुधारली. नातेवाईक काचेतून बीपी बघून आनंदाने घरी फोन लावतात तेव्हा माझा जीव तुटतो, कारण पंपावरचा आकडा मला दिसत असतो.

पंपावर ‘एमएल पर अवर’ लिहिलेलं असतं, पण तेही शेजारच्या पेशंटशी ताडून बघू नका. ५० एमएलच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध भरलं, तर ६० किलोच्या बाईला ०.१ डोस (किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम) द्यायला ४.५ एमएल लागतं. तेच ८ मिलिग्रॅम भरलं तर २.२५. डोस एकच. म्हणून डॉक्टरांना विचारताना ‘मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट किती चाललंय आणि कालच्यापेक्षा कमी की जास्त?’ असं विचारा. ०.२५ च्या पुढे गेलं की बहुतेक ठिकाणी व्हॅसोप्रेसिन हे दुसरं औषध जोडायचा विचार होतो.

१२०/८० ची वाट बघू नका. आम्ही ‘मीन’ बघतो, म्हणजे सरासरी दाब. तो साधारण ६५ च्या वर ठेवायचा असतो. ९०/५४ ला मीन ६६ येतो, एवढ्यावर बहुतेक पेशंटचं काम भागतं. उगाच जास्त आवळलं तर बोटं, आतडी यांचं रक्त कमी होतं.

बोटं निळी दिसतात हे ड्युटीवरच्या सिस्टरला दाखवाच. थोडं आजाराने होतं, थोडं औषधाने. काळी पडायला लागली, फोड आले तर लगेच. मानेत लाइन का टाकली याचं उत्तरही यातच आहे. हातातल्या बारीक शिरेतून हे औषध बाहेर झिरपलं तर तिथली कातडी पांढरी पडते, ठणकते, वेळेवर लक्ष गेलं नाही तर मांस मरतं. तातडीची वेळ असेल तर सुरुवात हाताच्या शिरेतून करतात, पण मग त्या जागेवर सारखी नजर ठेवावी लागते.

आणखी एक. या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांत निम्मा होतो. म्हणून सिरिंज संपत आली की आम्ही दुसरी आधीच भरून, लेबल लावून, दुसऱ्या पंपावर तयार ठेवतो. बदलताना डोळे मॉनिटरवरच्या लाल रेघेवर असतात. क्षणभर खंड पडला तर मीन ६८ चा ५० वर येताना मी पाहिलाय. त्या वेळी सिस्टरने तुम्हाला ‘जरा बाहेर थांबा’ म्हटलं तर राग मानू नका. बंद करतानाही एकदम काढत नाहीत, पायरीपायरीने उतरवतात.

उद्याच्या भेटीत हे विचारा: डोस कुठल्या दिशेला चाललाय, लघवी तासाला किती होते (६० किलोला निदान ३० एमएल हवी), लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढतं ते) उतरतंय का. आणि सगळ्यात आधी हे विचारा की किडनीत खडा अडकून लघवी तुंबलेली नाही ना, सोनोग्राफी झाली का? इंजेक्शन बीपी धरून ठेवतं, जंतू मारत नाही. ते काम अँटिबायोटिकचं, आणि पू अडकला असेल तर तो मोकळा करण्याचं.

सदाशिव_आबा

आमच्या वडिलांना २००३ साली डोपामिन लावलं होतं. आता तेच औषध का देत नाहीत? ते जुनं म्हणून की स्वस्त म्हणून?

भूलवाली

आबा, किंमत हे कारण नाही. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १६७९ पेशंटचा अभ्यास आला. शॉकच्या, म्हणजे बीपी धोक्याइतकं पडलेल्या, पेशंटना डोपामिन की नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, अशी तुलना होती. मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, पण हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण डोपामिनला २४ टक्के आणि नॉरअ‍ॅडला १२ टक्के निघालं. म्हणून सेप्सिसमध्ये आता पहिली पसंती नॉरअ‍ॅडला. वडिलांना त्या काळी जे योग्य मानलं जायचं तेच दिलं होतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. मामांना एवढं सांगा की बीपी वाढवायची इंजेक्शनं आम्ही रोजच देतो. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली की बाईचं बीपी हमखास उतरतं, ‘मळमळतंय’ म्हणते, तेव्हा फिनाइलएफ्रिन किंवा मेफेनटरमिन देतो आणि मिनिटभरात चेहरा सावरतो. ती बाई बाळाला घेऊन घरी जाते. तुमच्या आईचा आजार त्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, हे लपवणार नाही. पण धोका त्या आजाराचा आहे, सपोर्ट लावल्याचा नाही. सेप्टिक शॉकमधून उठून चालत घरी गेलेली माणसंही मी पाहिली आहेत.

सिस्टरनी छान सांगितलंय, त्यात माझी भर फक्त घरच्या औषधांची. शुगरच्या पेशंटना पायाची आग होते म्हणून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी देतात. नैराश्याच्याही काही गोळ्या असतात. यांच्याबरोबर नॉरअ‍ॅडचा असर वाढू शकतो, ते डॉक्टरांना माहीत हवं. थायरॉइड असेल, दम्याचा त्रास असेल तेही सांगा, कारण काही अ‍ॅम्प्यूलमध्ये सल्फाइट असतं आणि दमेकऱ्यांना क्वचित त्याची अ‍ॅलर्जी येते. या औषधाने शुगरही चढते, तेव्हा इन्सुलिन वाढवलं तर घाबरू नका.

आणि आठवून सांगा, आई गुडघ्यासाठी कुठल्या पुड्या, लेबल नसलेल्या गोळ्या घेत होत्या का?

जतचा_पाहुणा

घेत होती. बाजारच्या दिवशी एक जण येतो, त्याच्याकडून. दोन वर्षं तरी. ‘याने उठता-बसता येतं’ म्हणायची. आजारी पडल्यापासून अर्थात बंद आहेत. याचा काय संबंध? बहीण जेवली. तुम्हा दोघांचे आभार.

भूलवाली

खूप संबंध आहे, आत्ता फोन करून सांगा. भेटीच्या वेळेची वाट बघू नका. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते बरेच महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. मग पुडी बंद झाली आणि वर इन्फेक्शन आलं, तर नॉरअ‍ॅड कितीही वाढवा, बीपी हवं तसं उचलत नाही. उपाय आहे, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शिरेतून देतात. उरलेली पुडी घरात असेल तर कुणाच्या तरी हाती पाठवून द्या.

जतचा_पाहुणा

सांगितलं. डॉक्टर म्हणाले हायड्रोकॉर्टिसोन शॉकसाठी कालच सुरू केलंय, पण पुडीचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं, आता ते एकदम बंद करणार नाहीत. सोनोग्राफीत डाव्या बाजूला खडा आहे, यूरॉलॉजिस्टनी आज स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी नळी) टाकला. नॉरअ‍ॅड सकाळी ०.३ होतं, आत्ता ०.२२. वरचं बीपी ९८. लघवी तासाला ३५. आता आकडे घरी मीच समजावून सांगतोय. बरी झाली की बीपीची गोळी परत कधी सुरू करायची?

रात्रपाळी

दिशा चांगली आहे. मध्ये एखाद्या रात्री डोस पुन्हा थोडा वर गेला तर लगेच खचू नका, असं होतं. दोन दिवसांचा कल बघा.

बीपीची गोळी आपल्या मनाने सुरू करू नका. पंप निघाल्यावरही काही दिवस बीपी कमीच राहू शकतं. डिस्चार्जच्या वेळी कार्डावर लिहून घ्या: गोळी कधीपासून, किती, आणि स्टेरॉइड कसं कमी करत न्यायचं. स्टेंट काढायची तारीखही त्याच कार्डावर लिहून घ्या. पेशंट बरा झाला की पुष्कळ लोक ती विसरतात.